टाकीचा उपास

‘संध्याकाळी येतो, काका.’

एका सकाळी कारखान्याच्या फाटकापाशी उभं राहून मी हे म्हणालो आणि त्यानंतर तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. आता पन्नाशी आली, केस पिकले, तरी घरातून निघताना कुणी सहज ‘संध्याकाळी येतो’ म्हणालं की माझी मान खाली जाते. ज्यांना मी ते म्हणालो, त्यांनी मला केव्हाच मोकळं केलं. मला मात्र स्वतःला तसं करता आलेलं नाही. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतो.

नव्वदच्या दशकात मी सुरतेजवळ एका स्टार्चच्या कारखान्यात केमिस्ट होतो. मका भिजवायचा, दळायचा, धुवायचा आणि त्यातला स्टार्च काढायचा. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर चढणाऱ्या सुताला खळ लागते, ती खळ आमच्या पोत्यांतून जायची. मागे उरायचं ते पाणी. पिवळट, दाटसर, शिळ्या पेजेच्या वासाचं. ते तसंच खाडीत सोडलं तर पाण्यातली हवा संपते आणि मासे मरतात. म्हणून कारखान्यामागे एक टाकी बांधली होती. दुमजली घराएवढी उंच, गोल, सिमेंटची, वरून बंद. पाणी तळातून आत शिरायचं, हळूहळू वर चढायचं आणि वरच्या कडेनं बरंचसं निवळून बाहेर पडायचं.

मधे जे व्हायचं ते जंतू करत. हवा न लागता जगणारे जंतू. टाकी बसवायला आलेल्या इंजिनिअरनं खालच्या नळातून वाटीभर गाळ काढून माझ्या हातावर ओतला होता. काळाकुट्ट, पण चिखल नव्हे. बोटांनी चाचपला तर मोहरीसारखे गोल दाणे. तो म्हणाला, एकेका दाण्यात आख्खं गाव नांदतं. बाहेरच्या अंगाला राहतात ते स्टार्च फोडून त्याचं आम्ल करतात. ते चपळ, काही तासांत दुप्पट होणारे. त्यांचं उष्टं पुढचे खातात आणि त्यापासून व्हिनेगर करतात. ते व्हिनेगर खाऊन गॅस सोडणारे अगदी आत राहतात. हे आतले फार संथ. दुप्पट व्हायला त्यांना दिवसच्या दिवस लागतात, आणि आंबटपणा त्यांना सोसत नाही. बाहेरच्यांनी जास्त शिजवलं आणि आतल्यांना तेवढं खाता आलं नाही, तर सगळं गाव स्वतःच्याच आम्लात मरतं.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

काकांनी काही लिहून घेतलं नाही. काका म्हणजे आमचे ऑपरेटर. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, अकोल्याकडचे, राहायला नवागामात. आधी लूमवर होते. तिथल्या खडखडाटानं कान अर्धे गेले तेव्हा लूम सोडून इकडे आले. टाकीतला गॅस एका नळीनं पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीतून जायचा आणि पुढे पाइपच्या तोंडाशी जळायचा. बाटलीत बुडबुडे उठत. मी ते मोजायचो. काका बाटलीला कानामागचं हाड टेकवून डोळे मिटायचे.

‘काका, तुम्हाला ऐकू कुठे येतं?’ मी एकदा चेष्टेनं विचारलं.

‘मानसाचं नाई येत,’ ते म्हणाले. ‘हिचं येते.’

त्या वर्षी गणपती बुडाले आणि दोन-चार दिवसांतच शहरात प्लेगची बातमी फुटली. आम्ही कतारगामात एका खोलीत राहत होतो. शेजारच्या खोल्यांना एकेक करून कुलपं लागली. हिऱ्याच्या कारखान्यांतली माणसं सौराष्ट्राकडे निघाली, लूमवरची आपापल्या मुलखाला. औषधाच्या दुकानांतल्या गोळ्या संपल्या. ज्याच्या त्याच्या तोंडावर रुमाल. कारखान्यात दोन दिवसांत दहा-बारा माणसं उरली, मग मका येणंही थांबलं. मॅनेजर भावनगरला निघताना मला म्हणाले, ‘टांकी तमारे भरोसे.’ टाकी तुमच्या भरवशावर. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तेव्हा बायको दोन वर्षांच्या मुलीला घेऊन स्टेशनवर गेली होती. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीसाठी. मी डबा नेहमीच्या पिशवीत घेतला होता, आणि डब्याखाली दोन कपडे. तासभर टाकीपाशी रेंगाळलो आणि काकांना म्हणालो, जरा औषधं बघून येतो.

‘या,’ ते म्हणाले.

‘संध्याकाळी येतो, काका.’

‘या ना.’

पळून जाण्याची लाज मला तितकीशी नाही. हजारो माणसं गेली. लेकरू घेऊन मी जायलाच हवं होतं, असंही कधी वाटतं. पण मी खरं सांगितलं असतं तर काकांना निवड करता आली असती, जायचं की राहायचं. मी त्यांना संध्याकाळची वाट पाहत ठेवून गेलो.

धुळ्याकडच्या आमच्या गावात आम्हाला आठ दिवस शेतातल्या झोपडीत ठेवलं. भाऊ बांधावर भाकरी ठेवून लांब उभा राहायचा. मला प्लेगची भीती वाटायची, आणि दुपारी जेवताना टाकी आठवायची. तिला कोण घालत असेल खायला?

नवरात्र संपत आल्यावर आम्ही परतलो. शहर ओळखू येईना. गटारांच्या कडेनं पांढऱ्या पावडरीच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यावर झाडलोट. सगळं शहर जंतूंच्या मागे लागलं होतं, आणि मला पगार मिळत होता तो जंतू जगवण्याचा.

काका पंपाच्या खोलीत होते. तिथेच राहिले होते. चटई, स्टोव्ह, एक पातेलं. मी काय बोलावं ते जुळवत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, ‘लेकरू बरं हाय ना?’

‘बरं आहे.’

‘मंग झालं.’ त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. ‘गोदामात खराब मालाची दोन पोती होती. रोजाआड बादलीभर पातळ शिजवून देतो. पोट भरत नाई तिचं, पन तोंड ओलं राहते.’

मी पाणी तपासलं. टाकी ठीक होती. गॅस जवळजवळ नव्हता, पण बाटलीत मधूनच एखादा बुडबुडा उठत होता.

‘कारखाना चालू झाला का एकदम सोडू नका,’ काका म्हणाले. ‘पंधरा दिस थोडं थोडं. ते साठलेलं शिळं पानी त मुळीच नको.’

मला हे ठाऊक होतं. वहीत लिहिलेलं होतं.

पण दसऱ्याला शेठ येणार होते. मशिनांची पूजा करून कारखाना सुरू व्हायचा होता, आणि मॅनेजर म्हणाले होते की टाकीची ज्योत पेटलेली दिसली तर शेठना बरं वाटेल. माझ्या मनात मात्र शेठ नव्हते. माझ्या मनात ते तीन आठवडे होते. ज्योत मोठी दिसली तर मी कुठे होतो हे कुणी विचारणार नाही, असं मला वाटलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी झडप पूर्ण उघडली. टाकीआधीच्या साठवणीच्या हौदात तीन आठवडे कुजलेलं पाणी होतं. ते सगळं आत सोडलं.

काका धावत आले. ‘कमी करा!’

‘राहू द्या.’

‘अवो, उपाशी हाय ती.’

‘काका, केमिस्ट मी आहे.’

ते हे ऐकून गेले. नेमकं हेच त्यांना नीट ऐकू आलं.

दसऱ्याला संध्याकाळी पूजेच्या वेळी ज्योत हातभर उंच होती. टाकीला झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू लावलं, शेठनी मान हलवली. मी पेढे घेऊन घरी आलो. बायकोचा नऊ दिवसांचा उपास सुटत होता. मी पुढ्यात पुरणपोळी ठेवली, तर तिनं ताट बाजूला सारलं आणि वाटीतली पातळ कढी प्यायला लागली.

‘अगं, सणाचं खा की.’

‘नऊ दिनना उपास सोडतस तवय कोनी एकदम पोटभर जेवतस का?’ ती हसली. घरात ती अहिराणीच बोलायची. ‘आतडं दुखी जाई. पह्यले कढी, मंग भात. पोळी उद्या.’

मी ऐकलं आणि दोन पोळ्या स्वतः खाल्ल्या.

चार दिवस ज्योत डौलात होती. पाचव्या दिवशी ती पिवळी पडून फडफडायला लागली, सहाव्या दिवशी विझली. बाटलीतलं पाणी गप्प. नेहमीचा सडक्या अंड्याचा वास जाऊन आंबट, नाकात झोंबणारा वास सुटला. लिटमसचा कागद पाण्यात बुडवला तर क्षणात लाल. बाहेर पडणारं पाणी आत गेलेल्या पाण्याइतकंच घाण होतं.

मॅनेजर आले. ‘शुं थयुं? काकाए अंदर कंई नाख्युं हतुं?’

काकांनी आत काही टाकलं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. बादल्या त्यांनी पाहिल्या होत्या. ‘त्यानं काही बिघडलं नाही’ एवढंच मी म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, ‘खराब मालाची खळ शिजवून घालत होते. मी नव्हतो तेव्हा.’

यातला प्रत्येक शब्द खरा होता. इतकं खरं बोलून इतकं खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही.

मॅनेजरनी काकांना घरी बसायला सांगितलं. चौकशी होईपर्यंत, असं म्हणाले, पण चौकशी कोण करणार होतं? काकांनी पंच्याखाली डबा घेतला. माझ्याकडे पाहिलंच नाही. जाताना बाटलीपाशी थांबले, कानामागचं हाड टेकवलं, आणि निघून गेले.

पुढचे तीन दिवस मी टाकीपाशी एकटा होतो. चुना टाकला, तो तळाशी दगडासारखा बसला. पुन्हा पाणी सोडलं, वास वाढला. चौथ्या दिवशी दुपारी डबा उघडला तर बायकोनं कढी-भात दिला होता. पहिला घास हातात घेतला आणि तिचं बोलणं आठवलं. जे वहीत पानभर होतं, जे काका तीन शब्दांत ओरडले होते, ते मला तेव्हा कळलं. भूक त्या जंतूंना सोसली होती. बादलीभर पेजेवर ते हातपाय आखडून तग धरून होते. मी त्यांना एकदम जेवू घातलं. चपळ होते ते जागे होऊन खात सुटले, आणि आतले संथ जीव त्यांच्या आम्लात बुडाले. टाकी काकांच्या खळीनं नाही, माझ्या घाईनं बिघडली होती. आणि ती घाई माझ्या लाजेची होती.

डबा तसाच झाकला आणि नवागामला गेलो.

गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट. काकांचं दार उघडं होतं. काकू दारातच तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

‘आले का साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘संध्याकाळ झाली वाट्टे.’

म्हणजे घरात ते वाक्य ठाऊक होतं.

‘येऊ दे वं त्यांले आत,’ काका आतून म्हणाले. मी बसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, ‘बाटलीतून आवाज येते का?’

‘नाही.’

‘वास?’

‘आंबट.’

‘खालच्या नळातून दाना काढून पाह्यला?’

नव्हता पाहिला. त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मग मी बोललो. सगळं. पिशवीतले कपडे, स्टेशन, शेतातली झोपडी, झडप, दसरा, मॅनेजरला दिलेलं उत्तर. लूमचा आवाज इतका होता की मला प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगावी लागली. अशा कबुल्या माणूस हळू आवाजात देतो. मला त्या ओरडून द्याव्या लागल्या, आणि काही त्यांना नीट ऐकू न आल्यानं दोनदा द्याव्या लागल्या. समोरच्या दारातली बाई काम थांबवून ऐकत होती.

माझं झाल्यावर काकूच म्हणाल्या, ‘आता इतकं आमाले सांगितलं, त्याचा काय उपेग?’

काकांनी तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, ‘टाकीचं मी सांगतो. माह्यं तुमी सांगा.’

‘कुणाला?’

‘ज्याले खोटं सांगितलं त्याले.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरच्या खोलीत उभा राहिलो. वाटेत तीन वेळा मनात वाक्य जुळवलं होतं, पण तिथे सरळ म्हणालो की टाकी मी मारली. काकांनी जगवली होती. मी तीन आठवडे इथे नव्हतो, आणि झडप मी उघडली. काका नको म्हणत होते.

मॅनेजर खुर्चीत मागे रेलले. ‘एटले भाग्या तमे, ने वांक काकानो?’ पळालात तुम्ही आणि दोष काकांचा?

‘हो.’

‘भाग्यो तो हुं पण हतो,’ ते म्हणाले. ‘पण में कोईनुं नाम नथी लीधुं.’ पळालो तर मीही होतो, पण मी कुणाचं नाव नाही घेतलं.

मला वाटलं होतं, नोकरी जाईल. गेली नाही. टाकीचा ताबा मात्र माझ्याकडून गेला. त्या दिवसापासून टाकी काकांची, आणि मी काका सांगतील ते करणार. मॅनेजरनी हे शिक्षा म्हणून सांगितलं, आणि मला आत कुठेतरी श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं.

काका दुपारी आले. सगळ्यात आधी त्यांनी पाणी बंद करायला लावलं. तेवढे दिवस कारखाना अर्धाच चालला, त्याचं पाणी साठवणीत थांबलं. मग त्यांनी खालच्या नळातून वाटीत गाळ घेतला, धुतला, एक दाणा अंगठा आणि बोटामधे दाबला.

‘फुटत नाई,’ ते म्हणाले. ‘जीव हाय.’

त्यांचा उपाय साधा होता. चुन्याऐवजी खाण्याचा सोडा, पाण्यात विरघळवून, रोज थोडा. आणि विरजण. शहराबाहेर एका पांजरापोळात गोबरगॅस होता. तिथली शेणाची रबडी पिंपांत भरून आणायची आणि टाकीत सोडायची. तिच्यातही तेच संथ जीव असतात, फक्त दुसऱ्या गावचे. पिंपं आणण्याचं काम माझ्याकडे होतं. टेम्पोत मागे, पिंपांना धरून मी बसायचो. पहिल्या दिवशी घरी गेलो तर बायकोनं दारातच थांबवलं. ‘आंग धोईसन ये,’ म्हणाली. मुलगी नाक दाबून हसत होती.

आठवडाभर टाकीला आम्ही खायला काही दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात बादलीभर पातळ खळ, काकांच्या पातेल्यात शिजवलेली. मग दोन बादल्या. दिवाळी येऊन गेली. मी रोज कागद बुडवायचो. लाल, लाल, मग एके दिवशी किंचित फिका. मी धावत काकांना दाखवायला गेलो.

‘वाढवू का?’

‘तुमाले पुन्हा दसरा आठवला का?’ ते म्हणाले. शेजारचा फिटर खो खो हसला. मीही हसलो. त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसलो असेन.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. सकाळी मी सोडा ढवळत होतो. काका बाटलीपाशी बसले होते, डोळे मिटलेले. एकाएकी त्यांनी हात वर केला. पंप बंद करायला सांगितला. मग मला जवळ बोलावलं.

‘टेकवा.’

मी कान लावला. काहीच नाही.

‘कान नाई. हाड.’

मी कानामागचं हाड थंड काचेला टेकवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग कवटीच्या आत कुणीतरी हळूच टिचकी मारावी तसं झालं. एक बुडबुडा. मी बोटं मोजत राहिलो. दुसरा आला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पाइपच्या तोंडाशी काडी लावली. भर दुपार होती, आणि या गॅसची चांगली ज्योत उन्हात दिसत नाही. पेटली की नाही कळेना. काकांनी पाइपपासून हातभर अंतरावर तळवा धरला आणि तोंडभर हसले. मग माझं मनगट पकडून माझा तळवा तिथे नेला. ऊब होती. पाइपच्या वरची हवा थरथरत होती, आणि तिच्यातून पलीकडची भिंत हलताना दिसत होती.

तिथेच, हात तसाच धरलेला असताना, मी त्यांना विचारलं, ‘काका, त्या दिवशी तुम्ही माझी वाट पाहिली का?’

‘कोन्या दिवशी?’

‘संध्याकाळी येतो म्हणालो तेव्हा.’

‘नाई बाप्पा.’ ते माझ्याकडे बघत म्हणाले. ‘डब्याची पिशवी कधी इतकी फुगते का? मले तवाच समजलं होतं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘बोललो असतो त तुमी गेले असते का? तुमाले लेकरू हाय. माह्यी पोरं अकोल्याले शिकतात, हिलेबी तिकडंच धाडलं होतं. इथं मी अन् ही टाकी.’ त्यांनी तळवा ज्योतीपासून काढून पँटला पुसला. ‘गेले त्याचं काई नाई. वापस येऊन माह्यं नाव सांगितलं, ते वाईट केलं.’

‘हो.’

‘अन् मंग जाऊन खरं सांगितलं. तेबी तुमीच केलं.’

पुढे चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. ती टाकी पुन्हा आंबली नाही. साठवण भरली की मॅनेजर घाई करत, तेव्हा काका माझ्याकडे बोट दाखवायचे. ‘यांले इचारा, घाईनं काय होते ते.’ मी सांगायचो. नवीन केमिस्ट आले, त्यांनाही सांगितलं. आजही कुणी टाकी सुरू करणार असेल तर मी आधी वही दाखवत नाही, ही गोष्ट सांगतो.

शेवटी काका गावी निघाले तेव्हा मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी हलली तसे ते खिडकीतून वाकून ओरडले, ‘केमिस्टसाहेब, संध्याकाळी येतो हं!’

बाजूच्या काकूंनी त्यांच्या पाठीत चापट मारली. गाडी उधन्याच्या दिशेनं वळेपर्यंत मी हसत उभा होतो.